क्रमांक एकेचाळीस

बावीस वर्षं मी चोपड्याच्या कॉलेजात
काचपट्ट्या धुते.
फॉर्मॅलिनचा वास आता भाकरीला लागत नाही,
की लागतो आणि मलाच कळत नाही,
हे घरच्यांना विचारायला हवं.

बेडूक कापणं बंद झालं तेव्हा
ट्रे, चिमटे, मेणाच्या पाट्या
मीच माळ्यावर चढवल्या होत्या.
भादव्यात नेहेते मॅडमनी उतरवायला लावल्या.
म्हणाल्या, मारायचं एकालाही नाही, निंबाबाई.
गाडीखाली येतात, विहिरीत बुडून मरतात,
तेवढेच आणायचे.

विहिरीत बुडतो बेडूक?
मी हसले.
मग दित्या पावऱ्यानं नेऊन दाखवलं:
नवी विहीर, सिमेंटची, ताटासारखी गुळगुळीत.
चढायला ना मूळ, ना दगडाची सांद.
रात्रभर पोहायचं आणि पहाटे थांबायचं.
कूपमंडूक म्हणून हिणवतो आपण.
विहिरी अशाही बांधतात, त्याला काय ठाऊक.

दोन पिशव्या भरायच्या.
एक अनेरच्या वरच्या अंगाची,
जिथं साग, सालई, अंजन
अजून एकमेकांच्या सावलीत उभे आहेत.
दुसरी खालची,
जिथं तीन उन्हाळे रात्री करवती चालल्या,
ट्रक दिवे न लावता घाट उतरले,
आणि आता कपाशी.
दित्या बोट करतो: तिथं मोह होता.
तिथंही.
बोट खाली घ्यायला त्याला वेळ लागतो.

वरच्यांत काही निघणार नाही असं वाटलं होतं.
झऱ्याचं पाणी, रानाची हवा.
पण पोट उघडलं तर आत अख्खी चाळ:
आतड्यात गोल, फुप्फुसात काळपट,
मूत्राशयात एक चपटा, आकडे रोवून,
धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा ऐसपैस.
सात जाती. आठ जाती.
पण एकेकाचे दोन, फार तर तीन.
आणि बेडूक? मांड्या पैलवानाच्या.

खालच्यांत एकच जात.
तिनं मात्र मांडीचं सगळं मांस
ज्वारीच्या कण्यांसारख्या गाठींनी भरलेलं.
डबक्यात युरिया उतरतो, शेवाळ माजतं,
शेवाळावर गोगलगाई,
गोगलगाईतून ती बारीक, शेपटीवाली पोरं सुटतात
आणि समोर येईल त्या कातडीत घुसतात.
कातडीनंच श्वास घेतो तो, मॅडम म्हणाल्या,
आणि वर सावली नाही.
मी पदर सारखा केला. उगाच.

एकेचाळिसावा डांबरी रस्त्याच्या कडेचा.
पार खालचा, जिथं डबकंही उरलं नाही.
आतडं पाहिलं, फुप्फुस, यकृत, मांडी,
पुन्हा आतडं.
काही नाही.
धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ.
मॅडम, हा निरोगी! मी ओरडलेच.

त्यांनी चष्मा काढला.
जंत एकटा राहत नाही, निंबाबाई.
आधी गोगलगाय लागते, मग बेडूक,
मग त्याला गिळणारी दिवड, नाहीतर ढोकरी,
मग तिची विष्ठा परत पाण्यात.
एवढे शेजारी असले तरच
पोटात पाहुणा येतो.
ह्याच्या वाटेवर कुणी उरलंच नसेल.

दित्या दारात उभा होता, पिशवी हातात.
आत यायला सांगितलं तरी तो दारातच उभा राहतो.
त्याच्या पाड्यावरची निम्मी घरं
गुजरातेत ऊस तोडायला गेलीत.
म्हणाला, बाई,
माझं उघडलं तर काय निघेल?
मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही.

वहीत रकाने आहेत.
ठिकाण, वजन, लांबी, जंतांच्या जाती.
मी शून्य लिहिलं.
शेरा म्हणून एक रकाना असतो,
बावीस वर्षांत तो मी कधी भरला नव्हता.
सिव्हिल हॉस्पिटलात बेवारस माणसाला लावतात
ती चिठ्ठी आठवली.
लिहिलं: ओळखीचं कुणी आलं नाही.

मग काचपट्टी धुतली.
तिच्यावर काही नव्हतं,
तरी दोनदा धुतली.
दित्यानं पिशवी टेबलावर ठेवली.
बेचाळीस.